धुऱ्यापलीकडची एकशे ऐंशी पावलं

चि. मधू आणि चि. शैला,

मधू, बाबांबरोबर तू युद्धातली जुनी विमानं पाहायला गेला होतास. तिथल्या एका गृहस्थांनी तुला विचारलं, की असल्या विमानाला उडायला धावपट्टी केवढी लागते, आणि तुला सांगता आलं नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "तुला तर हे मुळीच माहीत नसेल, आजी." बाळा, मला माहीत आहे. पाचशे पावलं लागतात. ती मी स्वतः मोजली आहेत, याच माघ महिन्यात, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका वावरात. वावर म्हणजे शेत. वऱ्हाडात असंच म्हणतात. त्या पाचशेंपैकी तीनशे वीस पावलं सहज मिळाली. उरलेली एकशे ऐंशी कशी मिळाली ते सांगायचं म्हणून हे इतकं लांब लिहायला बसले आहे.

शैला, विमानांचा तुला कंटाळा आहे हे मी विसरलेले नाही. पण यात एक भांडणही आहे, तेव्हा तूही वाच.

नांदुऱ्यापासून पुढे

मी निघाले होते कमळाला भेटायला. आम्ही दोघी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मला वडिलांनी इंग्रजी शाळेत घातलं आणि तिचं लग्न झालं. मी हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झाले. ती वीस एकरांची शेती सांभाळते, आणि नवरा गेल्यापासून एकटीनं सांभाळते. चाळीस वर्षं ती बोलावत होती आणि मी "पुढच्या सुट्टीत" म्हणत होते. आता सगळीच सुट्टी आहे, म्हणून गेले.

नागपूर ते नांदुरा आगगाडीत काही घडलं नाही. नांदुऱ्याला स्टँडवर चहा घेतला तो खारट लागला. मला वाटलं साखरेऐवजी मीठ पडलं. चहावाला म्हणाला, "पान्याचा गुन हाये, बाई. पूर्नेच्या काठचं पानी असंच. आमाले गोड पान्याचा चहा फिका लागते." मी कप संपवला. ज्याच्या गावी जावं त्याचं पाणी बिनतक्रार प्यावं, हा माझा नियम तुम्हांला ठाऊक आहे.

जळगाव जामोदच्या एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. माझी वळकटी टपावर गेली आणि तिच्यावर कुणाचा तरी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा कलंडला. पुढचे आठ दिवस मी घाण्यात निजल्यासारखी निजले. गर्दीचं कारण कंडक्टरनं तिकीट फाडताना सांगितलं.

"कोन्या गावले, आजीबाई?"

मी कमळाच्या गावाचं नाव घेतलं.

"मंग सरळ म्हना ना, इमान पाह्यले चालली!"

"कसलं विमान?"

सगळी बस माझ्याकडे वळून पाहू लागली. शेजारची बाई म्हणाली, "अवो, तुमाले नाई मालूम? कमळाबाईच्या वावरात इमान उतरलं. दोन मजल्याचं हाये म्हने!"

वावरातलं विमान

दोन मजल्याचं म्हणजे पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, मध्ये काठ्या आणि तारा ताणलेल्या. अंग कापडाचं, वर रंग. युद्धाच्या काळात नव्या वैमानिकांना शिकवायला अशी शेकडो विमानं होती, टायगर मॉथ नावाची. तू पाहिलेल्यांत एखादं नक्की असेल, मधू. इथं ते ज्वारी काढून नेलेल्या काळ्या रानात नाक वर करून उभं होतं, आणि त्याच्या शेपटीच्या सावलीत कमळाचं कुत्रं झोपलं होतं.

कमळा मला पाहून धावत आली नाही. ती कधीच धावत नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाळीस सालानं आली वं इंदे, अन् आली तं माह्या घरी जागा नाई. वसरीवर इमानवाला झोपते."

विमानवाले म्हणजे मेनन. पन्नाशीच्या आतबाहेरचे, उंच, अगदी हळू बोलणारे. एका फ्लाइंग क्लबाचं विमान दुसऱ्या गावच्या क्लबाला पोचवायला निघाले होते. समोरून वारा लागला, पूर्णेला तापी समजून ते वाट चुकले, आणि पेट्रोल संपत आलं तेव्हा मोकळं रान दिसलं तिथं उतरले. दोन दिवस त्यांचं आणि कमळाचं संभाषण दोघांच्याही मोडक्या हिंदीत चाललं होतं. ती त्यांना भाकरी, सोल्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा वाढत होती; सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. मेनन डोळ्यांतलं पाणी पुसत सगळं संपवत होते आणि "बहुत अच्छा" म्हणत होते, म्हणून ती पुन्हा ठेचा वाढत होती. मी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी इंग्रजीत मला एवढंच विचारलं, "मॅडम, तिखट कमी असं यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. कमळा म्हणाली, "मंग दोन दिवस काऊन नाई बोलला? मले वाटलं याले आवडून राह्यलं."

पाचशे पावलं

दुसऱ्या दिवशी मेनननी मला विमानाचं छोटं पुस्तक दाखवलं. माझा जन्म कोष्टकं वाचण्यात गेला, त्यामुळे ते मला गोष्टीच्या पुस्तकाइतकं सोपं गेलं. कठीण, तासलेल्या गवतावर एवढं अंतर. जमीन मऊ असेल तर त्यात एवढी भर. ऊन असेल तर आणखी भर, कारण गरम हवा विरळ असते आणि पंखांना उचलून धरत नाही. समोरून वारा असेल तर मात्र वजाबाकी. इंजिनाच्या वयाची भर पुस्तकात नव्हती. ती मेनननी स्वतःच्या मनानं घातली. बेरीज-वजाबाकी करायला आम्ही दोघं वेगवेगळे बसलो आणि दोघांचंही उत्तर पाचशे पावलं आलं. ही मेननची पावलं. माझी त्याहून लहान पडतात, म्हणून मी पुढे सुताराची फुटपट्टी वापरली.

"उतरलात तेव्हा किती लागली होती?" मी विचारलं.

"दोनशेसुद्धा नाही."

मला हे विचित्र वाटलं. ते म्हणाले, "उतरताना जमीनच धरून ठेवते, मॅडम. वेग आपोआप मरतो. निघताना तीच जमीन सोडवून घ्यावी लागते."

मधू, ते ऐकून मला तुमचे बाबा परदेशी जायला जहाजावर चढले तो दिवस आठवला.

कमळाचं ते वावर उत्तर-दक्षिण तीनशे वीस पावलं होतं. दक्षिणेला नाला. पूर्व-पश्चिम रुंदी निम्मीसुद्धा नव्हती. "आडवं धावलं तर?" असं मी उगाच विचारलं. मेनननी काठीला रुमाल बांधून वारा पाहायला ठेवला होता. कमळा त्या रुमालाकडे पाहून हसली.

"त्याले काय पाहता? मले इचारा. दिवस कासराभर वर आला का डोंगराकून वारं सुटते. सरळ, खालतं. खळ्यावर उपणायले उभी राह्यते ना मी, दाना इकडे अन् कुटार तिकडे. थो वारा चुकला का सारं तोंडावर येते."

मी भाषांतर करून सांगितलं, की ज्वारी उफणायला लागणारा वारा रोज सकाळी सातपुड्यावरून येतो, उत्तरेकडून, आणि उन्हं तापली की पडतो. मेनन दोन सकाळी घड्याळ घेऊन बसले. तिचा वारा दोन्ही दिवस वेळेवर आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी रुमाल सोडून खिशात घातला.

म्हणजे धावायचं उत्तरेकडेच. आणि उत्तरेला तीनशे वीस पावलांवर धुरा होता.

धुरा

धुरा म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध. कमळाच्या वावरातला दोन फूट उंचीचा असेल, वर वाळलेलं गवत. आपल्या नागपूरच्या घराला भिंत आहे. शेजाऱ्यांनी तिच्यावर वाळवण घातलं तर आपण काही म्हणत नाही. इथं धुऱ्यावरचं गवतसुद्धा कुणी कापायचं हे ठरलेलं असतं.

पलीकडचं वावर संपतरावांचं, म्हणजे कमळाच्या धाकट्या दिराचं. वाटण्या झाल्या त्याला अकरा वर्षं झाली, आणि वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. कमळाचं म्हणणं, संपतराव दर साली नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, धुऱ्यात घालतो. संपतरावांचं म्हणणं नेमकं तेच, फक्त नाव वहिनीचं. कमळाचा नवरा वारला तेव्हा संपतरावांनी खांदा दिला, तेराव्याला जेवले, आणि एक शब्द न बोलता घरी गेले.

सोमवारी विमानाच्या मालकांची तार आली. शुक्रवारपर्यंत विमान उडालं नाही तर माणसं पाठवू, ती ते तिथंच सुटं करतील आणि भंगारात देतील. म्हाताऱ्या विमानासाठी याहून जास्त खटाटोप परवडत नव्हता. मेनननी तार घडी करून ठेवली आणि म्हणाले, "मी याच विमानात शिकलो. हेच, या नंबरचं. मला पहिल्यांदा एकट्याला सोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो."

मी ठरवलं की हा गुंता शिस्तीनं सोडवायचा. रात्रीच्या जेवणाआधी एक कागद तयार केला. धुरा चाळीस फूट रुंदीचा तात्पुरता काढायचा. विहिरीच्या कठड्यापासून आणि निंबाच्या बुंध्यापासून मोजमाप घेऊन नकाशा. विमान गेल्यावर जसाच्या तसा घालायचा. खाली दोन सह्यांची जागा. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. तो घेऊन मी सकाळी संपतरावांच्या घरी गेले.

संपतराव सुपारी कातरत बसले होते. त्यांची बायको देवकी हिनं मला पाट दिला, पाणी दिलं. संपतरावांनी कागद वाचला, अगदी शेवटपर्यंत.

"अक्षर चांगलं हाये तुमचं, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "अकरा साल झाले, वयनीनं मले शब्द नाई देल्ला. आज देल्ला तं वकिलाच्या भाषेत देल्ला."

"अहो, मी वकील नाही. आणि तिला यातलं काही माहीत नाही."

"मंग तं आनखीनच झालं. कागद लिवला म्हंजे मनात हाये का संपत उद्या शब्द फिरवन." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "कागद तंट्याले लागते, बाई. इमानाले नाई."

घरी आले तर कमळाला आधीच कळलं होतं. "तुले कोनं सांगतलं कागद काढायले?" तिचा आवाज चढला. "मी मरन पन त्याच्या दारात सही मांगाले जाईन काय? अवं, शाळा शिकली तू, मानूस नाई शिकली काय?"

मी चाळीस वर्षं मुलींना सांगत आले, की जे ठरवायचं ते लिहून काढा, म्हणजे भांडण होत नाही. ते खोटं नाही. पण इथं लिहिणं म्हणजेच भांडण सुरू झाल्याची दवंडी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी दुपारी झोपले नाही. वळकटीला तेलाचा वास येत होता.

पहिली कुदळ

बुधवारी सकाळी कमळाचे गडी आपल्या बाजूनं वखर फिरवत होते. ज्वारीची धसकटं निघत होती, भेगा बुजत होत्या. इतक्यात धुऱ्याच्या पलीकडून बैलांच्या घंट्या ऐकू आल्या. संपतराव स्वतः वखर घेऊन आपल्या रानात उतरले होते. लांबच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली, तुरीची खुंटं उपटून बाजूला फेकली, आणि थेट धुऱ्यापर्यंत येऊन थांबले. आमच्याकडे पाहिलं नाही. वळले आणि परत गेले.

"काऊन करून राह्यला थो?" कमळानं देवकीला विचारलं. जावाजावांना कामापुरतं बोलायची सूट होती म्हणे.

देवकी म्हणाली, "गावचा पाव्हना संपतच्या वावरापायी अडकला, असं कोनी म्हनू नाई म्हनतात."

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टी तयार झाली, सारखी, सपाट, एका रेषेत. मध्ये धुरा तसाच. दोन्हीकडची माणसं कुदळी टेकून उभी. धुऱ्याला कोणी हात लावेना, कारण जो पहिली कुदळ मारेल त्यानं धुरा फोडला असं जन्मभर म्हटलं जाईल.

मेननना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मी मारू का?"

मी कमळाला विचारलं. ती म्हणाली, "त्याले कायले? थो पाव्हना. उद्या इमानाले काई झालं तं म्हनतीन धुऱ्याचं पाप लागलं." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू मार. तुह्यं इथं वावर नाई, वाटा नाई. अन् तसंई तूच लय नकाशे काढून राह्यली होती."

माणसं हसली. मी चौसष्ट वर्षांची आहे आणि कुंडीतल्या मातीपलीकडे कधी काही खणलेलं नाही. पदर खोचला, कुदळ उचलली आणि मारली. मूठभर माती निघाली. दुसऱ्यांदा मारली ती माझ्या चपलेच्या टोकाजवळ पडली, तेव्हा पलीकडून संपतराव ओरडले, "बस, बस बाई! पाय ठेवा शाबूत!" आणि त्यांनी स्वतःची कुदळ घातली. त्याच क्षणी इकडून कमळाच्या गड्यांनी घातली. दिवस मावळेपर्यंत चाळीस फुटांचा धुरा मातीत मिळाला. कागद मी केला होता तो वहीतच राहिला. मोजमाप मात्र तेवढं मी पुन्हा तपासून घेतलं.

सडा

आता यातली चूक माझीही आहे, म्हणून ती नीट सांगते.

संध्याकाळी देवकी आणि गावातल्या दहा-बारा बायका घागरी घेऊन आल्या. सकाळी विमान जायचं; पाहुणा जाणार त्या वाटेवर सडा नको? त्यांनी धुऱ्याच्या जागेपासून दोन्ही अंगांना शेणपाण्याचा भरगच्च सडा घातला. मधोमध, जिथं धुरा होता तिथं, रांगोळी काढली. इतकी सुरेख ठिपक्यांची रांगोळी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी कौतुक केलं आणि एका कोपऱ्यात चार ठिपके स्वतः जोडले. मऊ जमिनीला अंतराची भर घालावी लागते हे कोष्टक मला तोंडपाठ होतं. तरीही सड्याकडे पाहताना ते मला आठवलं नाही. सडा आणि चिखल या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या.

मेनन पेट्रोल घेऊन आलेल्या मेकॅनिकबरोबर इंजिनात गुंतले होते. त्यांनी पाहिलंच नाही.

गुरुवारी सकाळी दिवस कासराभर वर आला. वारा सुटला. मेकॅनिकनं पंखा हातानं फिरवून इंजिन चालू केलं, विमान थरथरलं, धावलं, शेपटी उचलली. आणि धुऱ्याच्या अलीकडे सड्यात शिरताच कुणीतरी मागून पदर ओढावा तसं मंदावलं. काळी माती चाकांना गोळेच्या गोळे चिकटली. मेनननी वेळीच इंजिन बंद केलं. विमान रांगोळीच्या मधोमध थांबलं, जरासं कललं.

मेनन उतरले, चाकापाशी वाकले, बोटानं माती काढून पाहिली. मग बायकांकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "रांगोली बहुत अच्छी है." त्यांना ठेचासुद्धा असाच बहुत अच्छा होता.

दहा माणसांनी शेपटी उचलून विमान मागे नेलं. वारा पडला होता. उरला फक्त शुक्रवार.

देवकी रडत नव्हती. ती चिखलात पाय दाबून पाहत होती. "अवो, हे तं खळ्यावानीच हाये," ती म्हणाली. "अर्धं काम करून सोडलं आपन. पानी घातलं, तुडवलं नाई."

मला कळलं नाही, कमळाला लगेच कळलं. मळणीसाठी खळं करतात ते असंच: जमीन भिजवायची, तिच्यावर कुटार, म्हणजे ज्वारीचा भुसा, पसरायचा, आणि बैलांची ओळ तिच्यावर फिरवत राहायची. एका दिवसाच्या उन्हात ती जमीन अशी कडक होते, की वरून पडलेला दाणा उडतो.

पण त्याला बैलांची ओळ लागते, सुटे बैल नाही. खांद्याला खांदा लावून, एका दोरात. कमळाच्या दोन जोड्या, संपतरावांच्या दोन.

बैल आणले. संपतराव एकेकाला दोरात घेत होते. त्यांनी कमळाचा पांढरा म्हातारा बैल ओळीच्या उजव्या टोकाला नेला. तो वाटणीच्या आधीचा, एकत्र घरातला बैल. त्यानं संपतरावांचा हात ओळखला आणि मान पुढे केली.

"त्याले तिथं नोको बांधू."

कमळा बोलली होती. सगळे थांबले.

"डाव्या अंगाले घे त्याले. डाव्या डोळ्यानं दिसत नाई त्याले. बाजूचा बैल दिसला नाई का थो बिचकते."

संपतरावांनी बैलाच्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. "कधीपासून?"

"तीन साल झाले."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तू इचारलं काय?"

संपतरावांनी बैलाला डाव्या टोकाला घेतलं आणि ओळ हाकली. दुपारपर्यंत बैल फिरत होते, कुटार पडत होतं, आणि मेनन बूट काढून त्यांच्या मागे अनवाणी चालत होते, टाचेनं जमीन दाबून पाहत.

शुक्रवार

या दिवसाचं थोडंच सांगायचं आहे. वारा आला. इंजिन चालू झालं. त्याआधी मेनननी कमळाला वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं त्यांच्या हातात ठेच्याची पुरचुंडी दिली. "तिखट कमी हाये," ती म्हणाली, आणि ते खोटं होतं.

विमान धावलं. धुऱ्याच्या जागेवरून गेलं तेव्हा माझ्या शेजारी देवकीनं डोळे मिटून घेतले होते. ती जागा खणखणीत वाजली. मग चाकांचा आवाज थांबला आणि फक्त इंजिनाचा राहिला. ते सातपुड्याकडे गेलं, वळलं, परत येऊन दोन्ही वावरांवर एक घिरटी घातली आणि पूर्वेला लहान लहान होत गेलं.

लोक पांगल्यावर मी फुटपट्टी घेऊन चाकाच्या खुणा मोजल्या. त्या चारशे बारा पावलांवर संपल्या होत्या: कमळाच्या रानातली सगळी तीनशे वीस, आणि संपतरावांच्या रानातली ब्याण्णव. बाकीची अठ्ठ्याऐंशी नुसती हाताशी असावी लागतात. ती वापरली जात नाहीत, पण नसली तर कोणी निघत नाही.

निघताना

शनिवारी धुरा परत घालायचा होता आणि माझी बस दुपारची होती. मी वही उघडून बसले. विहिरीपासून एवढं, निंबापासून एवढं. दोरी धरली, खुंट्या ठोकल्या.

"हे गलत हाये," संपतराव म्हणाले. "हातभर इकडे आलं."

"हातभर?" कमळा म्हणाली. "अरे, हातभर तं तू पयलेच खाऊन बसला! वही बरोबर नाई, इंदे. तिकडे सरकव."

"मी चारदा मोजलंय," मी म्हणाले.

माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोघं खुंटीच्या दोन बाजूंना उभी राहून भांडू लागली. आधी हातभर जमिनीवरून, मग वाटणीतल्या तांब्याच्या हंड्यावरून, मग संपतरावांच्या मुलीच्या लग्नाला कमळा आली नाही त्यावरून, मग तिला बोलावलंच कुठं होतं त्यावरून. अकरा वर्षांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. मध्येच देवकीनं दोघांना ताकाचा एकेक पेला दिला. तो पिण्यापुरतं भांडण थांबलं, आणि पेले परत देऊन पुन्हा सुरू झालं. मी कमळाला येते म्हटलं. तिनं मला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले, "पुढच्या साली येजो" म्हणाली, आणि वळून ओरडली, "अन् थो खुटा उपटू नोको बे, मी पाहून राह्यली!"

काल तिचं पत्र आलं. चौथीतलं तेच गोल अक्षर. मेननचं पत्र तिला पोचलं आहे, विमान सुखरूप आहे. धुरा दोन्ही टोकांकडून घालत आणला, पण मधली आठ-दहा पावलांची जागा अजून मोकळी आहे, कारण हातभराचा निकाल लागलेला नाही. देवकी रोज तिथूनच ये-जा करते, म्हातारा बैलही एकदा तिथून आपला आपण पलीकडे जाऊन संपतरावांच्या गोठ्यात उभा राहिला होता. संपत रोज सकाळी भांडायला येतो आणि चहा घेऊन जातो.

"भांडन सरलं का भरू म्हनते थो," तिनं लिहिलं आहे. "मले काई घाई नाई."

— तुमची आजी